रुझवेल्ट यांनी न विचारलेली गोळी

२७ मार्च १९४४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात ६२ वर्षांचा एक रुग्ण तपासणीसाठी आला. हिवाळ्यात झालेला फ्लू उलटून तीन महिने होत आले होते, तरी खोकला जात नव्हता. चेहरा राखेसारखा, ओठ आणि नखे किंचित निळसर. चाकाच्या खुर्चीतून उचलून तपासणीच्या टेबलावर ठेवले, तेवढ्यानेही त्याला धाप लागली. तपासणारे हॉवर्ड ब्रुएन हे न्यूयॉर्कहून युद्धकाळात नौदलात आलेले, अजून चाळिशीही न गाठलेले हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी छातीवर हात ठेवला, तर हृदयाचा ठोका नेहमीच्या जागेपासून बराच डावीकडे सरकलेला. स्टेथोस्कोप लावला, तर फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचे आवाज. एक्स-रेमध्ये हृदय खूपच मोठे झालेले दिसले. रक्तदाब १८६/१०८. निदान करायला फार वेळ लागला नाही. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने हृदय थकले होते आणि डावी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडत होती. आज आपण ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतो, तेच.

रुग्णाचे नाव फ्रँकलिन डिलानो रुझवेल्ट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरायला अजून दहा आठवडे होते आणि त्या साऱ्या जुळवाजुळवीच्या मध्यभागी हा माणूस होता.

तपासणी झाली, रुझवेल्ट परत गेले. काय सापडले, हे त्यांनी विचारले नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही आणि त्यानंतर उरलेल्या एका वर्षातही नाही. ब्रुएन जवळजवळ रोज त्यांना तपासत होते, रक्तदाब घेत होते, वरचेवर हृदयाचा आलेख काढत होते. रोज कुठली गोळी दिली जाते, कशासाठी, किती दिवस, याबद्दल जगातल्या सर्वांत शक्तिशाली रुग्णाने एकही प्रश्न विचारला नाही.

असे का झाले असावे, याचा धागा बराच मागे, हडसन नदीकाठच्या हाइड पार्क गावातल्या घरात सापडतो. तिथे ३० जानेवारी १८८२ रोजी फ्रँकलिन यांचा जन्म झाला. वडील जेम्स तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, श्रीमंत, शांत जमीनदार. फ्रँकलिन आठ वर्षांचे असताना वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर घरात एक अलिखित नियम सुरू झाला. वडिलांना कसलीही चिंता, कसलाही धक्का द्यायचा नाही. आई सारा आणि मुलगा, दोघांचे याबाबत एकमत होते. एकदा रेल्वेच्या डब्यात पडद्याची लोखंडी सळई निसटून मुलाच्या डोक्यावर पडली आणि चांगलीच खोक पडली. पण वडिलांना कळू नये म्हणून त्याने डोक्यावर टोपी चढवली आणि दिवसभर काही झालेच नाही असा वावरला. वडिलांच्या हृदयासाठी हे कुटुंब जर्मनीतल्या बाड नाउहाइमच्या झऱ्यांवर वारंवार जात असे, म्हणजे ‘हृदयाचे औषधपाणी’ मुलाने लहानपणापासून पाहिले होते. पण ते पाहताना त्याने एक गोष्ट शिकून घेतली. दुखणे दाखवायचे नाही, त्यावर बोलायचे नाही, हसतमुख राहायचे. डिसेंबर १९०० मध्ये वडील गेले. मुलगा तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होता.

ही सवय किती पक्की होती, ते ऑगस्ट १९२१ मध्ये दिसले. कॅनडाच्या हद्दीतील कँपोबेलो बेटावर सुट्टीला गेलेले ३९ वर्षांचे रुझवेल्ट पोहून आले, थंडी वाजली, लवकर झोपले आणि दोन-तीन दिवसांत कमरेखालचे शरीर लुळे पडले. पहिल्या डॉक्टरांना साधी सर्दी वाटली. दुसरे, वयोवृद्ध आणि नामांकित शस्त्रक्रियातज्ज्ञ, यांनी मज्जारज्जूत रक्ताची गाठ झाल्याचे सांगून जोरात मालीश करायला लावले. त्या मालीशने वेदना तेवढ्या वाढल्या. बोस्टनच्या रॉबर्ट लोव्हेट यांनी पोलिओचे निदान केले, तोवर दोन आठवडे गेले होते. त्यानंतर रुझवेल्ट आधाराशिवाय कधीच चालू शकले नाहीत.

पण इथे एक वेगळाच रुग्ण दिसतो. पायांच्या बाबतीत रुझवेल्ट यांनी हजार प्रश्न विचारले. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, हे शिकून घेतले. जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट पाण्यात व्यायाम केल्याने एका रुग्णाला बरे वाटल्याचे ऐकून ते १९२४ मध्ये तिथे गेले आणि १९२६ मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून ती जागाच विकत घेतली. तिथे येणाऱ्या पोलिओच्या रुग्णांना ते स्वतः पाण्यात उतरून व्यायाम शिकवत. पायांना पोलादी पट्ट्यांचे जड आधार बांधून उभे राहण्याचा सराव त्यांनी वर्षानुवर्षे केला. सल्ला पाळणारा, चिकाटीने उपचार चालू ठेवणारा रुग्ण म्हणून त्यांचे उदाहरण कुणीही द्यावे.

मग हृदयाच्या बाबतीत हाच माणूस गप्प का? एक कारण साधे आहे आणि ते रुझवेल्ट यांच्यापुरते नाही. लुळा पाय दिसतो. व्यायाम केला की आज काल-परवापेक्षा दोन सेकंद जास्त उभे राहता आले, हेही दिसते. वाढलेला रक्तदाब दिसत नाही, दुखत नाही, खाजत नाही. त्याच्यासाठी घेतलेल्या गोळीने काही ‘वाटत’ नाही. काही वाटलेच, तर ते गोळीचा त्रास म्हणून वाटते. अशा आजारात कुतूहल आपोआप जागे होत नाही, ते कुणीतरी जागे करावे लागते.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून ते निवडून आले. मंदीने मोडलेला देश, बँका बुडालेल्या, लाखो लोक बेकार. त्या इतिहासात इथे शिरण्याचे कारण नाही. व्हाइट हाउसमध्ये त्यांचे डॉक्टर म्हणून नौदलाचे रॉस मॅकिंटायर नेमले गेले. ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. राष्ट्राध्यक्षांना सायनसचा त्रास होता, त्यासाठी ही निवड सोयीची होती. सायनसकडे रोज लक्ष दिले गेले. रक्तदाबही अधूनमधून मोजला जात होता आणि ते आकडे आज उपलब्ध आहेत. १९३५ मध्ये १३६/७८. १९३७ मध्ये १६२/९८. १९४० मध्ये १७८/८८. १९४१ मध्ये १८८/१०५. सहा वर्षांत खालचा आणि वरचा, दोन्ही आकडे कुठल्या दिशेने चालले आहेत, हे सांगायला हृदयरोगतज्ज्ञाची गरज नाही.

मॅकिंटायर यांना दोष देणे आज सोपे आहे, आणि नंतरच्या एका गोष्टीसाठी तो द्यावाही लागेल. पण या वर्षांपुरता तो न्याय होणार नाही. तेव्हाच्या अनेक मान्यवर डॉक्टरांची समजूत अशी होती की, वय वाढले, रक्तवाहिन्या कडक झाल्या की, त्यांतून रक्त पुढे नेण्यासाठी दाब वाढणे गरजेचेच असते. तो उतरवायला जाणे म्हणजे रुग्णाचे नुकसान करणे. आयुर्विम्याच्या कंपन्यांना मात्र वेगळे दिसत होते. ज्यांचा रक्तदाब जास्त, ते ग्राहक लवकर मरतात, हे त्यांच्या हिशेबाच्या वह्या सांगत होत्या. वैद्यकशास्त्राच्या आधी हे विमा कंपन्यांना कळले होते. शिवाय कळून करायचे काय, हाही प्रश्न होताच. झोपेचे औषध, विश्रांती, मीठ तोडणे आणि मज्जातंतू कापण्याची एक अवघड शस्त्रक्रिया, एवढाच साठा होता.

१९४३ च्या डिसेंबरात तेहरानला चर्चिल आणि स्टालिन यांना भेटून परतल्यावर रुझवेल्ट आजारी पडले आणि पुन्हा उभारी धरेनात. दिवसा कागद वाचता वाचता डुलकी लागे. मुलगी ॲना हिला हे खटकले. तिने आग्रह धरला, म्हणून बेथेस्डाची ती तपासणी झाली. बाप काही बोलत नाही हे मुलीला ठाऊक होते. आपल्याकडेही अनेक घरांत वडिलांचा रक्तदाब पहिल्यांदा सापडतो तो मुलीच्या हट्टाने.

ब्रुएन यांनी उपाय सुचवले. एक-दोन आठवडे अंथरुणात विश्रांती, मीठ कमी, वजन कमी, सिगारेट कमी, रात्रीची झोप आणि डिजिटॅलिस. मॅकिंटायर यांनी हे सारे अशक्य म्हणून बाजूला सारले. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष अंथरुणात? मग अटलांटाचे जेम्स पॉलिन आणि बोस्टनचे फ्रँक लाही या ज्येष्ठ डॉक्टरांना बोलावून बैठक झाली. ब्रुएन त्या खोलीत हुद्द्याने सर्वांत लहान. तरी ते अडून बसले. डिजिटॅलिस द्यायचे नसेल, तर या रुग्णाशी आपला संबंध राहू नये, इथपर्यंत त्यांची तयारी होती. अखेर डिजिटॅलिस मान्य झाले.

हे औषध तेव्हाही दीडशे वर्षांहून जुने होते. फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांपासून ते बनते. १७८५ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींसह त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ते वैद्यकात रुळले. हृदयाच्या आकुंचनाला जोर देणे हे त्याचे काम. अडचण अशी की, उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. भूक जाणे, मळमळ, नाडी मंदावणे, ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे. म्हणजे रुग्णाला ‘जेवण जाते का’ असा घरगुती वाटणारा प्रश्न विचारणे हाच या औषधाचा खरा पहारा. रुझवेल्ट यांना आधी काही दिवस मोठी मात्रा आणि मग रोजची लहान मात्रा सुरू झाली.

गुण लवकर आला. दोन आठवड्यांच्या आत फुप्फुसे स्वच्छ झाली, खोकला थांबला, आडवे होऊन झोप लागू लागली. एक्स-रेमध्ये हृदयाचा आकारही कमी झाला. पण रक्तदाब होता तिथेच राहिला. डिजिटॅलिसने थकलेल्या बैलाला बळ दिले, गाडीवरचे ओझे उतरवले नाही. ओझे उतरवणारे औषध १९४४ मध्ये कुणाच्याच कपाटात नव्हते.

आणि इथेच ती दुसरी गोष्ट घडली. निदान रुग्णाला सांगायचे नाही, असे ब्रुएन यांना बजावले गेले. ब्रुएन यांनी ते पाळले. डॉक्टर सांगत नव्हते आणि रुग्ण विचारत नव्हता. दोन्ही बाजूंनी दार बंद. रुझवेल्ट यांच्या मनात काय होते, त्यांना कल्पना होती का, याची चर्चा इतिहासकार आजही करतात. वडिलांचे हृदय ज्याने जवळून पाहिले, त्याला रोज हृदयाचा डॉक्टर येतो याचा अर्थ कळला नसेल, हे पटत नाही.

सामान्य माणसाच्या बाबतीत अशा वेळी एक तिसरी जागा असते. औषधाचे दुकान. डॉक्टरांच्या खोलीत जे विचारायचे राहते, ते काउंटरवर सुचते. ही लाल गोळी कशाची? जेवणाआधी की नंतर? बरे वाटले की बंद करू ना? राष्ट्राध्यक्षांना त्या काउंटरसमोर कधी उभे राहावेच लागले नाही. त्यांची गोळी नौदलाच्या यंत्रणेतून थेट त्यांच्यापर्यंत येत होती. समोर गोळी धरून ती कशाची हे सांगणारा माणूस त्यांच्या वाट्याला आला नाही. आपल्याकडच्या कोट्यवधी रुग्णांच्या वाट्याला तो येतो, पण बहुतेकदा दोघांनाही घाई असते.

ही घाई महाग पडते. दीर्घकालीन आजारांत लिहून दिलेली औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांतही जेमतेम निम्मे असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये सांगितले. औषध सुटते ते बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच. इंग्लंडमध्ये २०११ पासून सरकारी आरोग्यसेवेने औषधविक्रेत्यांवर एक काम सोपवले आहे. रक्तदाबासारख्या ठरावीक आजारांचे नवे औषध सुरू झाले की, फार्मासिस्टने एक-दोन आठवड्यांनी रुग्णाशी बोलायचे आणि आणखी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. घेता का? काही त्रास? काही शंका? बस्स एवढेच. त्याची रीतसर पाहणी झाली, तेव्हा दहा आठवड्यांनंतर औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलेले दिसले. नवे यंत्र नाही, नवी गोळी नाही. कुणीतरी विचारले, इतकाच फरक.

हार्ट फेल्युअरच्या आजच्या औषधांना तर हे विचारणे फारच लागते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मुळात मधुमेहाची. मधुमेह नसलेला रुग्ण शेजाऱ्याला गोळी दाखवतो, शेजारी म्हणतो ही तर साखरेची, आणि गोळी बंद. बीटा ब्लॉकर सुरू केल्यावर सुरुवातीला थकवा वाटतो, तो पुढे बहुधा कमी होतो, हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण स्वतःच निर्णय घेतो. लघवीची गोळी कुणी प्रवासाच्या दिवशी चुकवतो आणि मग रोजच चुकवू लागतो. त्यासाठी वेळ बदलून चालते का, हे डॉक्टरांना विचारता येते, हेच ठाऊक नसते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम तपासावे लागते. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी पाणी साचवून हार्ट फेल्युअर पुन्हा उफाळवू शकते, आणि ती गोळी याच दुकानातून गेलेली असते.

पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की, कापलेल्या तुकड्यावर नाव राहत नाही आणि मुदतीची तारीखही राहत नाही. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. घरी आजोबा जुनी पांढरी आणि नवी पिवळी अशा एकाच औषधाच्या दोन गोळ्या घेत बसतात. जुनी पट्टी सोबत आणायला सांगणे, पाकिटावर मराठीत ‘हृदयासाठी, सकाळी एक, बंद करू नये’ एवढे लिहून देणे, महिना संपला तरी रुग्ण आला नाही तर एक फोन करणे, ही कामे दुकानातला जाणकार माणूस करू शकतो. सरकारी रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीमागे बसणारा औषधनिर्माण अधिकारीही ती करू शकतो, फक्त त्याच्या खिडकीसमोरची रांग आधी आटोक्यात आणावी लागेल. रांगेत दोनशे माणसे असताना समुपदेशनाची परिपत्रके काढण्यात अर्थ नाही.

रुझवेल्ट यांनी मात्र गोळी सोडली नाही, हे मान्य केले पाहिजे. विचारले काहीच नाही, पण समोर आलेले घेतले. सिगारेटी दिवसाला वीस-तीस होत्या, त्या पाच-दहावर आणल्या. वजन उतरवायला सांगितले, तर इतके उतरवले की गाल बसले आणि कपडे लोंबू लागले. सपाट झालेल्या पोटाचे त्यांना कौतुक होते. डॉक्टर आता खा म्हणत होते आणि त्यांना भूक नव्हती. भूक नसणे आजाराचे की डिजिटॅलिसचे, हा प्रश्न अशा रुग्णात डॉक्टरांना सतत छळतो.

एप्रिल १९४४ मध्ये ते दक्षिण कॅरोलायनात मित्राच्या शेतवाडीवर विश्रांतीला गेले. ठरले होते दोन आठवडे, राहिले जवळजवळ महिनाभर. ऑगस्टमध्ये ब्रेमर्टन येथे युद्धनौकेवर उभे राहून भाषण करताना छातीत कळ आली. ते बोलत राहिले. समोरच्या कुणाला कळले नाही, रेडिओवर ऐकणाऱ्यांना फक्त भाषण फिके वाटले. डोक्यावर टोपी चढवून खोक लपवणारा मुलगाच तो. सप्टेंबरमध्ये क्वेबेकच्या बैठकीदरम्यान त्यांनी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावरचा चित्रपट पाहिला. पक्षाघाताने ज्यांची कारकीर्द मोडली, ते विल्सन. चित्रपट संपल्यावर ब्रुएन यांनी मोजलेला रक्तदाब २४०/१३० होता. तोंडाने जे विचारले जात नव्हते, ते रक्तवाहिन्या बोलत होत्या.

तरी चौथी निवडणूक त्यांनी लढवली. आजारी असल्याच्या अफवा मोडण्यासाठी २१ ऑक्टोबरला भर पावसात उघड्या मोटारीतून न्यूयॉर्कमध्ये तासन्‌तास फिरले. मॅकिंटायर वृत्तपत्रांना प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असल्याचे सांगत राहिले. दोष द्यावा लागतो तो इथे. मतदारांना जे ठाऊक नव्हते, ते पक्षाच्या काही पुढाऱ्यांना मात्र नुसते पाहूनच उमगले होते. म्हणून उपाध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यावर एवढी ओढाताण झाली आणि हॅरी ट्रूमन यांचे नाव पुढे आले. निवडून आल्यावर वॉर्म स्प्रिंग्जच्या तलावात पोहल्यानंतर रक्तदाब २६०/१५० भरला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा. पोलंडच्या प्रश्नावर ८ तारखेला कडाक्याची चर्चा झाली, त्या संध्याकाळी ब्रुएन यांना नाडीत एक ठोका जोरदार आणि पुढचा क्षीण, असा आळीपाळीचा ठेका सापडला. हृदयाची ताकद संपत आल्याची ही जुनी, ओळखीची खूण. दोन दिवस विश्रांती दिल्यावर ती गेली. १ मार्चला अमेरिकी संसदेसमोर ते बसून बोलले आणि पायांना बांधलेल्या पोलादाच्या वजनाचा उल्लेख पहिल्यांदाच जाहीरपणे केला. पायांबद्दल बोलता आले. हृदयाबद्दल तेव्हाही नाही.

१२ एप्रिल १९४५ च्या सकाळी वॉर्म स्प्रिंग्जला ब्रुएन तपासायला आले, तेव्हा रुझवेल्ट यांनी थोडी डोकेदुखी आणि मान आखडल्याचे सांगितले. मान चोळल्यावर बरे वाटले. दुपारी चित्रकार एलिझाबेथ शुमाटॉफ त्यांचे चित्र काढत असताना, सव्वा वाजण्याच्या सुमारास, डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आल्याचे सांगून ते कोसळले. ब्रुएन पंधरा मिनिटांत पोहोचले. रक्तदाब ३०० च्या वर, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू झाला. वय ६३. नवे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना अणुबाँबच्या प्रकल्पाची खरी माहिती त्यानंतर मिळाली.

त्यांचा प्राण ज्या आजाराने गेला, त्यावरच्या औषधाची एक वाट मात्र तेव्हा भारतात तयार होती. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. रुझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये जाण्याच्या दोन वर्षे आधी. ते लिखाण भारताबाहेर फारसे कुणी वाचले नाही. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा घेतलेल्या आपल्या रुग्णांचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष गेले आणि काही वर्षांत तिच्यातील रेसर्पिन हे औषध जगभर पोहोचले. त्याने रक्तदाब उतरे, पण काही रुग्णांना खोल नैराश्य येई. मग १९५८ च्या सुमारास क्लोरोथायाझाइड ही लघवीची गोळी आली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी, खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक इतका ठळक होता की, तो अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवावा लागला. ट्रूमन यांनी १६ जून १९४८ रोजी हृदयरोग संशोधनाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हृदयाचा अभ्यास सुरू झाला.

रुझवेल्ट यांची वैद्यकीय फाइल बेथेस्डाच्या तिजोरीत ठेवलेली होती. ती तिथून नाहीशी झाली आणि पुन्हा कधी सापडली नाही. मॅकिंटायर यांनी १९४६ मध्ये पुस्तक लिहिले, त्यात प्रकृती ठीकच होती असा सूर कायम ठेवला. ब्रुएन न्यूयॉर्कला परतून रुग्ण तपासत राहिले आणि पंचवीस वर्षे काही बोलले नाहीत. पुढे ॲनानेच त्यांना लिहिण्याचा आग्रह केला. १९७० मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये त्यांचा लेख आला, स्वतःजवळच्या नोंदींवरून लिहिलेला. १८६/१०८ पासून ३०० पर्यंतचे सारे आकडे पहिल्यांदा तिथे छापले गेले, आणि रुग्णाने कधी काही विचारले नाही, ही नोंदही.